चालू औषधं : काही नाही

डंडीत नोव्हेंबरमध्ये साडेतीनलाच दिवे लागतात.
आजचा शेवटचा पेशंट ॲलिस्टर गेडीज, वय शहात्तर,
तागाच्या गिरणीत एकतीस वर्षं,
गेल्या महिन्यात बसस्टॉपवर दोनदा कोसळलेला.
फॉर्मवर 'चालू औषधं'समोर
दाबून लिहिलंय : काही नाही.

मी टेपने डोकं मापते,
नाकाच्या मुळापासून मानेवरच्या उंचवट्यापर्यंत,
लाल पेन्सिलीने खुणा करते,
कातडी घासते, पेस्ट लावते, एकवीस तारा.
"न्हाव्याकडे एवढा वेळ कधी लागला नाही," तो म्हणतो.
केस उरलेत ते कानांवर.

डोळे मिटा.
डोळे मिटले की मागच्या बाजूला अल्फा यावा लागतो,
सेकंदाला नऊ-दहा हेलकावे,
टे नदीच्या धक्क्याला बांधलेल्या होडीसारखे.
आला. पण दबलेला.
आणि पुढच्या सगळ्या ओळींवर,
कपाळापासून टाळूपर्यंत,
बारीक, घाईघाईचा, सेकंदाला बावीस टाके,
कुणीतरी घातलेला धावदोरा.

मी इचलकरंजीची.
आमच्याकडे माग बिघडला की आधी कानाला कळायचं.
आप्पा ताण्यावरून नुसता अंगठा फिरवत
आणि म्हणत, खळ जास्त झालीय.
कारखानदार नाही म्हणायचा.
सूत हो म्हणायचं.

हा दोरा या माणसाचा नाही, गोळीचा आहे.
मेंदूत 'थांब' म्हणणारं एक रसायन असतं.
गोळी स्वतः काही बोलत नाही,
त्याच्याच शब्दाला वजन देते.
आणि सगळीकडे थांब, थांब झालं
की पडद्यावर उमटते ही धावपळ.
कारण मला परीक्षेपुरतं पाठ आहे.
पटलेलं अजून नाही.

मिस्टर गेडीज, झोपेसाठी काही घेता का?

"नाही."
जबडा आवळला. सोळाही ओळींवर
स्नायूंचं काजळ सांडलं.
मी थांबले. हीटर खुडखुडत होता.

"मॉरीनच्या आहेत," तो म्हणाला, डोळे मिटूनच.
"कपाटात राहिल्या. सव्वीस वर्षं रोज रात्री घ्यायची.
मी भांडायचो, सोड म्हणून.
आता मीच घेतो.
माझ्या नावावर नाहीत, म्हणून लिहिलं नाही."

रोज?

"मार्चपासून रोज दोन. मग संपत आल्या.
पुरवून पुरवून घेतो. तीन-चार दिवसांनी एक.
काल घेतली, आज इथे यायचं होतं म्हणून."

आणि बसस्टॉपवर पडलात, ते दिवस?

तो बोटांवर मोजायला लागला.
अंगठा करंगळीपाशी अडला.
मी डॉक्टर नाही. निदान सांगायचा मला अधिकार नाही.
अचानक तोडलेला पहारा मेंदूला काय करतो
हे मी या खुर्चीत बसून कितीदा पाहिलंय,
तेही सांगायचा नाही.
मी म्हटलं, अशी पुरवापुरव करू नका, आणि एकदम बंदही नको.
डॉक्टर फेअरवेदर अजून वर आहेत,
मी बोलावते, तुम्ही हे सगळं त्यांना सांगा.

"काढून घेतील?"

हळूहळू कमी करतील. बहुतेक.

त्याने खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची डबी काढली,
झाकण न उघडताच हलवली.
आवाजावरून मीही मोजल्या. नऊ? अकरा?

तारा काढताना पडदा अजून चालू होता.
त्याने पहिल्यांदाच मान वळवून पाहिलं.
"तिचं डोकं असंच दिसलं असतं?"

इथलं, मी म्हटलं, कपाळावरचं,
हे जवळजवळ असंच.
खालचं नाही. खालचं ज्याचं त्याचं.

तो बराच वेळ वरच्याच ओळी बघत राहिला.
मी कोमट पाण्यात टॉवेल पिळला,
कानांवरच्या केसांतली पेस्ट पुसायची होती.
"जरा थांब," तो म्हणाला.